मन्मथला घाम येत नाही

नोकरीत असताना माझ्या दोन गोष्टींचा बोलबाला होता. एक माझा आवाज, दुसरा माझा राग. आवाज मोठा असल्यामुळं मला भोंगा लागत नसे, आणि राग लवकर येत असल्यामुळं दौऱ्यावर माझ्यासोबत यायला कुणी तयार नसे. तरी आरोग्य खात्यात बत्तीस वर्षं काढली आणि सेवानिवृत्तीच्या समारंभात चार माणसं खरोखर रडली. त्यातली दोन सुटकेच्या भावनेनं रडली असावीत.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "ताई, रोग्याचा जीव वाचवल्याचा एखादा थरारक प्रसंग लिहा." तर आधीच कबूल करते, मी कुणाचा जीव वाचवलेला नाही. मी डॉक्टर नव्हते. मी आरोग्य सहाय्यिका. म्हणजे पाच-सहा गावांच्या नर्सबायांच्या कामावर लक्ष ठेवायचं आणि उरलेल्या वेळात गावोगाव जाऊन बोलायचं. पाणी गाळून प्या, लेकराला हगवण लागली तर पाणी तोडू नका, डाग दिसला तर लपवू नका. आम्ही विकत होतो ते शब्द, आणि तेही फुकट, त्यामुळं गिऱ्हाईक नेहमी संशयानं बघायचं.

बोलण्यात कसलं आलंय कौशल्य, असं लोकांना वाटतं. त्यांनी एकदा मुरुडच्या आसपासच्या खेड्यात पारावर उभं राहून बघावं. पहिली पाच मिनिटं बाया तुमच्या लुगड्याकडं बघतात. दुसरी पाच मिनिटं तुम्ही कोणत्या गावच्या, लेकरं किती, मालक काय करतात याची चौकशी चालते. तिसऱ्या पाच मिनिटांत विषय सांगून मोकळं व्हायचं, कारण त्यानंतर चहा येतो आणि चहा आला की सभा संपली. ही तिसरी पाच मिनिटं साधायला मला दहा वर्षं लागली.

आमच्याकडं आजारांची एक नोंदवही असे. ताप, हगवण, नारू, खरूज, महारोग, असे एकेक रकाने आखलेले. सगळ्यात शेवटचा रकाना होता 'इतर'. त्यात काय लिहायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. साहेबांना तो रिकामाच आवडायचा. त्यात काही लिहिलं की ते चष्मा वर करून विचारायचे, "हे आणि काय नवीन आणलंत?" त्यामुळं सगळ्याच जणी हुशार झाल्या होत्या. ज्याचं नाव माहीत नाही ते 'ताप' या रकान्यात ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. मीसुद्धा तेच करत होते.

मी सांगतेय तो काळ लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला तेव्हाचा. नव्या कचेरीत चुन्याचा ओला वास यायचा, खुर्च्या अजून यायच्या होत्या, आणि प्रत्येक छापील कागदावरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहिणं हेच माझं अर्ध्या दिवसाचं काम होतं. दुष्काळाला मात्र कुठल्या मंजुरीची गरज पडली नाही. तो आमच्या खुर्च्यांच्या आधी येऊन बसला होता.

मुरुडपासून दोन कोसांवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला दिवाळीला फोन करतात आणि मला ते चालू राहायला हवे आहेत. त्या गावाच्या शिवारात रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं होतं. चारशे-पाचशे माणसं माती खोदत होती. तिथलं पिण्याचं पाणी नीट आहे का आणि झाडाखालची लेकरं ठीक आहेत का, हे बघायला आठवड्यातून एकदा मी जायची.

वैशाखातला दिवस होता. मी पोचले तर पाण्याच्या पिंपाजवळ भांडण जुंपलेलं. बाया हातातल्या घमेल्यांसकट ओरडत होत्या. मुकादम मला बघून धावत आला.

"बाई, तुमी ह्याला तपासाच. रोज अकरा वाजले का ह्याची नाटकं सुरू. बाया तांब्याभर पाण्यासाठी भांडून राहिल्या अन् हा पिंपातलं पाणी डोक्यावर वतून राहिला."

'हा' म्हणजे बाभळीखाली आडवा पडलेला एक विशीतला पोरगा. ओला सदरा तोंडावर घेऊन पडला होता. सदरा काढला तर मी जरा दचकलेच. भुवया जवळजवळ नव्हत्या. डोक्यावरचे केस विरळ आणि भुरे. मला बघून तो हसला तेव्हा वर दोन आणि खाली दोन एवढेच दात दिसले, तेही टोकदार. गावात त्याला लहानपणापासून 'म्हातारा' म्हणत, हे मला नंतर कळलं.

"बाई, मी आळशी न्हाई," तो म्हणाला. "सकाळच्या पारी येऊन बगा, दोन गड्यांचं काम एकला करतो. ऊन चढलं का अंगाचा तवा व्हतो."

मी कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. अंग खरंच तव्यासारखं तापलं होतं, आणि कोरडं ठणठणीत होतं. आजूबाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. याच्या काखेतसुद्धा ओल नव्हती.

"घाम येत नाही तुला?"

"जल्मापासून न्हाई. आई म्हणते, चांगलंच हाय, कापडं मळत न्हाईत."

त्याचं नाव मन्मथ. आमच्या भागातल्या लिंगायत घरांत हे नाव दर तिसऱ्या अंगणात सापडतं. याच्या घरी मात्र ते आईनं नवसानं ठेवलेलं. आई महानंदाबाई तिथंच मातीची घमेली वाहत होती. ती धावत आली आणि पहिलं वाक्य बोलली, "ह्याच्या आदीचे दोन लेकरं अशीच तापून गेली बाई. दोनी उनाळ्यातच. ह्याला मी वल्या फडक्यात गुंडाळून वाचिवलंय."

खरं सांगायचं तर मला पहिला संशय महारोगाचा आला. त्यातही कातडीला घाम येत नाही आणि ती बधिर होते. मी पिशवीतून पीस काढलं आणि त्याच्या पाठीवर, हातावर, पायावर फिरवून 'कळतंय का' विचारायला लागले. त्याला इतक्या गुदगुल्या झाल्या की तो बाभळीखाली लोळायला लागला. भांडणाऱ्या बायाही हसायला लागल्या. महारोग नव्हता हे नक्की. मग काय होतं, ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की मला राग येतो. मुकादमाला म्हटलं, "हा आजारी आहे. काय आजारी आहे ते मी शोधून आणते. तोवर पिंपातला एक तांब्या त्याचा."

"अन् शोधून न्हाई सापडलं तर?"

"तर तुझ्या पिंपात मी स्वतः पाणी भरीन," मी म्हणाले. असली वाक्यं मला फार सहज सुचत.

पुढच्या आठवड्यात मन्मथला आणि त्याच्या आईला घेऊन मी यष्टीनं अंबाजोगाईला गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात कातडीचे एक डॉक्टर होते. त्यांनी त्याला बघितलं, तोंड उघडायला लावलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की जणू सोयराच भेटला. त्यांनी लगेच शिपायाला पाठवून शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. वीस-पंचवीस पोरं-पोरी मन्मथभोवती गोळा झाली. हा मजेत सगळ्यांना दात दाखवत होता. मला हळूच म्हणाला, "एवढी माणसं माज्या लग्नाला बी न्हाईत येणार."

डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. ते माझ्या वहीच्या दोन ओळींत कसंबसं बसलं. मग मराठीत समजावलं. आईच्या पोटात असतानाच कातडी, केस, दात आणि घामाच्या बारीक पिशव्या घडतात. याच्यात त्या घडणीतच कमी राहिली. दात कमी, केस कमी, घामाच्या पिशव्या जवळजवळ नाहीतच. आजार जन्माचा, फार क्वचित दिसणारा, कुणाला लागत नाही. औषध नाही. पण पाणी आणि सावली मिळाली तर हा माणूस म्हातारा होईल. धोका सगळा लहानपणी, कारण तान्ह्या लेकराला सांगता येत नाही की मी भाजतोय, आणि घरचे ताप समजून त्याला आणखी पांघरुणात गुंडाळतात.

महानंदाबाईनं एकच विचारलं. "म्हंजी माजा लेक आळशी न्हाई?"

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले.

"हे कागदावर लिवून द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिलं. तो कागद तिनं बोचक्यात बांधला आणि गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोचकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आता खरं काम माझं होतं. गावात टँकर यायचा, तो विहिरीत रिकामा व्हायचा आणि घरटी दोन घागरी पाणी मिळायचं. ही वाटणी शिवराजअप्पा बघत. अप्पांचं किराण्याचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि बोलणं मोजून मापून. माणूस सचोटीचा. स्वतःच्या घरीही दोनच घागरी नेणारा. मन्मथच्या घराला रोज दोन घागरी जास्त पाहिजेत असं मी म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "बाई, आज त्याला दिल्या तर उद्या अर्ध्या गावाला घाम यायचा बंद व्हईल."

उत्तर बिनतोड होतं. मी म्हटलं, "गाव गोळा करा. मी सगळ्यांना समजावते."

महादेवाच्या देवळात सभा झाली. मी तिन्ही पाच मिनिटं पाळली, आणि तरी सपशेल आपटले. फळ्यावर कातडीचं चित्र काढलं, घामाच्या पिशव्या दाखवल्या. लोकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी अप्पा म्हणाले, "पण बाई, घाम न्हाई आला तर सुखच की. आमी तर घामानं बेजार हाव." सगळं देऊळ हसलं. चहाची किटली आत येताना मला दिसली. किटली पोचायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

समोर गाभाऱ्यात पिंडीवर तांब्याचं भांडं टांगलेलं होतं. त्याच्या बुडाच्या भोकातून पाण्याची धार थेंबथेंब पिंडीवर पडते. तिला गळती म्हणतात. दुष्काळामुळं ते भांडं कोरडं होतं. माझं लक्ष तिकडं गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "अप्पा, महादेवाच्या डोक्यावर गळती कशाला टांगतात?"

"आता हे काय इचारणं झालं? देवानं हलाहल पचिवलं. अंगाची आग व्हते."

"मग मन्मथच्या आतही तशीच आग आहे. तिला बाहेर पडायला वाट नाही. वरून पाणी पडलं तरच ती शांत होते."

एक म्हातारी स्वतःशीच म्हणाली, "अगं माय, असं हाय व्हय!" आणि मला कळलं, जिंकलं. अप्पांनी तिथंच दोन घागरी मंजूर केल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. चहा मी दोन कप प्याले. परतताना यष्टीत माझं मलाच इतकं कौतुक वाटत होतं की कंडक्टरशी न भांडता उतरले. त्या महिन्याच्या नोंदवहीत 'इतर'च्या रकान्यात मी ठळक अक्षरात मन्मथचं नाव लिहिलं. साहेबांनी चष्मा वर केला तेव्हा मी पंधरा मिनिटं बोलले.

मधली एक फेरी चुकली, आणि पंधरा दिवसांनी परत त्या गावी गेले. मृग कोरडा चालला होता. पाझर तलावावर मन्मथ दिसला नाही. मुकादमाला विचारलं तर त्यानं आधी हात जोडले, मग म्हणाला, "देवळात हायत."

"हायत?" हा आदर कुठून आला, ते मला कळेना.

देवळाबाहेर बैलगाड्या लागलेल्या. नारळाची टोपली घेऊन एक बाई बसली होती. आत गेले आणि बघतच राहिले. सभामंडपात पाटावर मन्मथ बसलेला. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचा हार. आणि डोक्यावर, तुळईला टांगलेली, गाभाऱ्यातली गळती. थेंब थेंब पाणी त्याच्या डोक्यावर पडत होतं. लोक रांगेनं पाया पडत होते.

आमच्याकडं पावसानं फारच ओढ दिली की महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवायची रीत आहे. देव गार झाला की पाऊस पाडतो, अशी समजूत. शिवराजअप्पांनी मला सगळा हिशोब समजावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठी सोय केल्याचं समाधान होतं. "गाभारा भराया शंभर घागरी लागत्यात बाई. ह्या सालात कुठून आणाव्या? तुमीच सांगितलं, मन्मथच्या अंगी महादेवाचीच आग हाय. मग आमी इचार केला, ह्यालाच गार केलं तर? दोन घागरीत काम भागतंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोवरच्या नोकरीत माझं बोलणं इतकं कुणी मनावर घेतलं नव्हतं, आणि घेतलं ते असं.

मन्मथनं मला डोळ्यानं खूण केली. गर्दी पांगल्यावर आम्ही देवळामागं बसलो. तो म्हणाला, "पयले दोन दिवस लई मजा आली बाई. गारेगार बसायचं, केळी खायाची. आता जीव नको झालाय. कुणी नावानं हाक मारीना. मुकादम कामावर घेईना, म्हणतो देवाच्या हातात टिकाव कसा देऊ? दोस्त लोक लांब बसत्यात."

महानंदाबाई त्याच्यापेक्षा पुढचं बघत होती. "बाई, आज पाया पडून राहिले. आन् पाऊस न्हाईच आला तर? मग काय म्हणतील? आधी आळशी व्हता, आता ढोंगी म्हणतील. त्या दोन घागरी बी जातील. उनाळा अजून सरला न्हाई. माज्या लेकराला मारून टाकतील हे लोक, आन् त्यांना कळणार बी न्हाई."

ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं, आणि ते मी करून ठेवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की राग यायचासुद्धा विसरला. घाईत, चहाच्या आधी टाळी मिळवायला मी एका माणसाचा देव केला होता. देवाला कामावर कोण घेणार? देवाला पोरगी कोण देणार?

दुसऱ्या दिवशी मी मुक्काम वाढवून परत सभा बोलावली. या वेळी फळा नाही, चित्र नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी तुम्हाला अर्धवट सांगितलं." सरकारी माणूस चुकलं म्हणतोय, हे ऐकायला लोक पुढं सरकून बसले. पण अप्पा हलले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची चूक आसंल. पण आमाला तुमचं त्या दिवशीचं पटलंय." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा मोठा आवाज, दहा वर्षांचा अनुभव, सगळं तिथं पालथं पडलं.

तेव्हा मन्मथ उठला. गळ्यातला हार काढून त्यानं पाटावर ठेवला आणि अप्पांचा हात धरला. "अप्पा, माज्यासंगं जरा उनात चला."

देवानंच बोलावलं म्हटल्यावर अप्पांना नाही म्हणता येईना. दोघं देवळासमोरच्या पटांगणात उन्हात उभे राहिले. गाव सावलीत. थोड्या वेळात अप्पांचा सदरा पाठीला चिकटला, विभूतीचे पट्टे ओघळायला लागले. मन्मथ कोरडा. मी घड्याळ बघत होते, आणि मला भीती वाटायला लागली. त्याचा चेहरा तांबूस झाला होता.

"आता माज्या कपाळाला हात लावा," तो म्हणाला. अप्पांनी लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "आता सोताच्या कपाळाला." अप्पांनी लावला.

"गार हाय का?"

"हाय की," अप्पा म्हणाले, आणि आपल्याच ओल्या बोटांकडं बघत राहिले.

"तेच सांगून राहिलो," मन्मथ सावलीत येत म्हणाला. आईनं तयार ठेवलेलं ओलं फडकं त्यानं डोक्यावर घेतलं आणि दम घेऊन बोलला, "देवानं तुमा सगळ्यांच्या अंगातच एकेक गळती बांधलीय. ऊन लागलं का आपोआप गळती. माज्यात बांधायची राहून गेली, म्हणून मला वरून वतावं लागतंय. माज्यात देव जास्त न्हाई अप्पा. तुमच्यापरीस थोडा कमीच पडलाय."

गेल्या सभेतली ती म्हातारी फस्सकन हसली, आणि मग अख्खं गाव हसलं. कुणीतरी मागून ओरडलं, "आरं म्हाताऱ्या, केळी मातर आमची खाल्लीस!" मन्मथ चार दात दाखवून हसला. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी त्याच्या जुन्या नावानं हाक मारली होती.

अप्पा हसले नाहीत. ते विचार करत होते. पाऊस पाडायची स्वस्त सोय हातची गेली, याचं त्यांना दुःख झालेलं दिसत होतं. शेवटी म्हणाले, "मग तुला पायजे तरी काय?"

"काम पायजे. पहाटंपासून ऊन चढस्तोर. मोजून घ्या. जेवढी माती काढीन तेवढीच धरा."

रोजगार हमीत काम मापावर होतं, खड्डा मोजून घ्यायचे. कोण किती वाजता खोदतो याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. मुकादमानं डोकं खाजवलं आणि कबूल केलं. गळती परत गाभाऱ्यात गेली. दोन घागरी मात्र अप्पांनी तशाच चालू ठेवल्या, आणि ज्यानं कुरकुर केली त्याला ते स्वतः उन्हात उभं राहायला बोलवायचे. पाऊस त्या वर्षी उशिरा का होईना आला. त्याचा मन्मथशी संबंध जोडायला तोवर गावात कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी सभेत उपमा देणं जवळजवळ बंद केलं. अगदीच मोह झाला तर आधी स्वतःला विचारायची, हे यांनी शंभर टक्के खरं मानलं तर काय होईल?

एक गोष्ट मात्र अजून टोचते. मन्मथ भेटायच्या आधीची माझी सगळी वर्षं. उन्हाळ्यात दगावलेली तान्ही लेकरं मी 'ताप' म्हणून लिहिली. बहुतेक सगळी तापानंच गेली असतील, मान्य आहे. पण एखादं कोरड्या अंगाचं असेल, विरळ केसांचं असेल, आणि त्याच्या आईला मीच म्हटलं असेल, नीट पांघरूण घाल. ते आता कधीच कळणार नाही. मी त्या नोंदवह्या पुन्हा उघडून बघितल्या होत्या. त्यात कातडीबद्दल एक अक्षरही नव्हतं.

पुढच्या वर्षी नांदेडला प्रशिक्षण होतं. तिथं जेवणाच्या सुट्टीत मी नर्सबायांना मन्मथची सगळी कथा सांगितली, माझ्या फजितीसकट. फजिती असली की गोष्ट लक्षात राहते. महिन्याभरात मुखेडकडच्या एका नर्सबाईचं पत्र आलं. एक लेकरू आहे, वर्षाचं. ऊन झालं की तापतं, औषधानं उतरत नाही, डोक्यावर केस नाहीत, दात यायची चिन्हं नाहीत. मोठा भाऊ गेल्या साली तसाच गेला. घरचे लोक करणी झाली म्हणतात आणि सुनेला माहेरी पाठवायचं बोलतात. तुम्ही येऊन समजवाल का?

मी सगळे तक्ते पिशवीत भरले. मग थांबले, आणि मन्मथला निरोप धाडला.

आम्ही मुखेडला आठवडी बाजाराच्या दिवशी उतरलो. मन्मथ डोक्यावर ओलं फडकं घेऊन, हातात पाण्याचा कॅन घेऊन. बाजारातून चालताना लोक वळून बघत होते. त्याला त्याचं काही नव्हतं. "देवळापरीस बरं हाय," तो म्हणाला, "हे लोक पाया तरी पडत न्हाईत."

घरात सासू दारातच बसली होती. सून आत कोपऱ्यात, लेकराला पदराखाली घेऊन. वीस वर्षांचीही नसेल. तिनं आमच्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी बसले, तक्ता काढला आणि डॉक्टरांचं सगळं म्हणणं सोपं करून सांगायला लागले. करणी नाही, कुणाचा दोष नाही, कुणाला लागत नाही. सासू भिंतीकडं बघत होती. सून लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत होती. माझे शब्द मला माझ्याच कानात आपटल्यासारखे वाटायला लागले.

मन्मथनं पाण्याचा कॅन खाली ठेवला, डोक्यावरचं फडकं काढलं आणि कोपऱ्याजवळ जाऊन उकिडवा बसला. लेकराकडं बघून त्यानं तोंड वासलं. लेकरू हसलं. त्याच्या हिरड्या कोऱ्या होत्या.

सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. तिनं मन्मथचे केस बघितले, भुवया बघितल्या, ते चार दात बघितले. मग पदराखालचं लेकरू बाहेर काढलं आणि दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"दादा," तिनं विचारलं, "तुमचं वय किती?"

"बावीस सरलं. तेविसावं चालू हाय."

"घाम न्हाई येत?"

"कदीच न्हाई."

तिनं हात पुढं करून त्याच्या दंडाला बोट लावून बघितलं, खरा आहे की नाही ते. मग लेकराला छातीशी धरून ती दाराकडं वळली, आणि रडत रडत, पण माझ्यापेक्षाही मोठ्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, इकडं या. बगा तरी. बावीस वर्सांचा हाय ह्यो."

सासू उठून आत आली. मी तक्ता गुंडाळून पिशवीत ठेवला.